काट्यावर न ठेवलेली बॅग

मंगळवारी आमच्या घरात भांडण झालं ते डिंकाच्या लाडवांवरून. आईनं चाळीस लाडू वळले होते आणि बाबा म्हणत होते, वीसच न्यायचे.

“चाळीस म्हणजे दोन किलोच्या वर जाते, वनमाला. बारा किलोच्या वर एक छटाक नेऊ देत नाही हे लोक.”

“हे लोक म्हणजे तुमची पोरगीच ना?”

“म्हणूनच तं.”

यामिनी, माझी धाकटी बहीण, जशपूरला बाळंत झाली होती. गुरुवारी बाराव्या दिवशी बारसं होतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तिला जिना उतरायलाही बंदी होती. मला रजा नव्हती. म्हणून बाबा एकटेच जाणार होते. रायपूरहून जशपूर मोटारीनं अख्खा दिवस खातं. पण मी ज्या छोट्या विमान कंपनीत काम करते तिनं त्याच महिन्यात तिथं नऊ जणांचं विमान सुरू केलं होतं. एक वैमानिक, आठ प्रवासी. माना विमानतळावर त्या विमानाचा काउंटर माझ्याकडे होता. प्रवाशांची आणि सामानाची वजनं करायची, ती एका तक्त्यात भरायची आणि तो तक्ता वैमानिकाच्या हातात द्यायचा, हे माझं काम. वैमानिक त्या कागदावर विसंबून विमान उचलतो.

वजन हा आमच्या घरचाच धंदा म्हणायचा. बाबा, पांडुरंग उमाठे, चौतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, त्यातली बरीचशी रायपूर स्टेशनवर. हमाल त्यांच्याशी चहाची पैज लावायचे. बाबा गाठोडं हातानं उचलून आकडा सांगत, मग ते काट्यावर चढे, आणि चहा हमालालाच पाजावा लागे. लग्नाकार्यात भाजीवाल्याकडे बाबांनाच नेत. त्या संध्याकाळी त्यांनी बॅगेची चेन लावली, ती दोन बोटं वर उचलली आणि म्हणाले, “अकरा. वर शंभर ग्रॅम असंल.” वीस लाडू डब्यात राहिले. आईनं डब्याचं झाकण लावलं.

मग ते वही घेऊन बसले. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्म करतात, बाबांनी विमानांचे अपघात धरले होते. तेही आजचे नाहीत; शंभर वर्षांपूर्वीचे, माणसं नुकतीच तिकीट काढून उडायला लागली होती तेव्हाचे. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, वजन वाचावं म्हणून आत वेताच्या खुर्च्या. चार-सहा प्रवासी. त्या काळच्या चौकशीचे कागद मी त्यांना ऑफिसातून छापून आणून द्यायचे. ते शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावत आणि वहीत मराठीत उतरवत. तारीख, जागा, किती माणसं, काय झालं. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या डोक्यानं आखला होता: कोणाला माहीत होतं.

त्या दिवशी वाचून दाखवला तो अपघात असा. समुद्रकाठचं एक मैदान, सहा जणांचं विमान. एक नवं जोडपं, एक म्हातारी, एक पितळी कुलपांचा व्यापारी. व्यापाऱ्याजवळ नमुन्यांची पेटी. ती मैदानावरच्या हमालानं उचलून मागच्या कप्प्यात ठेवली. त्याला ती फार जड लागली; पण त्याला वाटलं, साहेबानं वजन सांगितलंच असेल. विमान कुंपणावरून वर गेलं, नाक उचललं, ते उचलतच राहिलं, आणि मग ते शेपटीवर बसल्यासारखं खाली आलं. चौकशीत ठरलं, वैमानिकाची चूक.

“अन् हमाल?” आईनं विचारलं.

“हमालाले कोन इचारते? एका पत्रकारानं त्याले दहा वर्षांनी गाठलं तवा त्यानं सांगतलं.”

“उद्या इमानात बसाचं अन् आज हे वाचून राहिले. तुमाले भेव नाही लागत काहो?”

“भेव कायचं? काट्यावर मंजू हाय.”

मला भीती वाटत होती. ते विमान मी रोज पाहत होते. उभं असलं तरी वाऱ्यानं त्याचे पंख हलतात. पण बाबांना आयुष्यात एकदा अशा लहान विमानात बसायचं होतं, आणि तिकीट मीच काढलं होतं. मी वहीतलं पुढचं पान उलटून पाहिलं. ते कोरं होतं.

बुधवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा आईनं बॅगेची चेन उघडली. मी मफलर शोधत होते. तिनं आतला टॉवेल काढला, त्यात वरवंटा गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी घातला. त्यावर उरलेले वीस लाडू, डब्यासकट.

आमच्यात बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला टोपडं घालतात, काजळ लावतात आणि बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात. जशपूरच्या क्वार्टरमध्ये यामिनीकडे मिक्सर होता, वरवंटा नव्हता. आईकडचा तिच्या सासूचा. माझ्या बारशाला तोच होता, यामिनीच्याही. काळा, मधे झिजलेला, चार किलोच्या आसपास.

“बाबाले सांगू नोको,” आई म्हणाली. “काढून ठेवतील.”

मी सांगितलं नाही.

काउंटरवर आठ जण होते. आमच्या विमानात प्रत्येकाला काट्यावर उभं राहावं लागतं आणि कुणालाच ते आवडत नाही. बीरगांवच्या एका ठेकेदारानं बूट काढले, मग घड्याळ काढलं. एक शिक्षिका म्हणाली, बाकीच्यांनी पाठ करावी. बाकीच्यांनी केली. मी आकडे भरत गेले. बाबा शेवटी आले; छप्पन्न किलो. त्यांच्या बॅगेचे अकरा धरले तर विमानाच्या एकूण वजनाच्या मर्यादेला तीन किलो उरत होते.

बाबांनी बॅग काट्यावर ठेवायला उचलली आणि त्यांचा हात मधेच थांबला.

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी एकही पार्सल चुकीच्या वजनानं पाठवलं नव्हतं. एकदा स्टेशन मास्तरांच्या मेव्हण्याचं गाठोडं परत केलं म्हणून त्यांची बदली झाली होती. त्यांनी बॅग काट्यावर ठेवली नाही. काट्याच्या पलीकडे, सामान चढवणाऱ्या तुळशीरामच्या गाडीजवळ ठेवली.

“अकरा,” ते म्हणाले.

शेजारच्या काउंटरवरचा लोकेश हसला. “अंकल का हाथ तो सर्टिफाइड है, दीदी. लिखो, लिखो.”

मी अकरा लिहिलं.

बॅग उघडायला सांगितली असती तर टॉवेल सोडावा लागला असता. अनोळखी लोकांसमोर बाबा एक दगड हातात घेऊन उभे राहिले असते. बारसं दगडावाचून झालं असतं, आणि आईनं ते वर्षभर बोलून दाखवलं असतं. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी मी काहीच विचार केला नाही. घोटभर पाणी पिण्याइतका वेळ लागला त्याला. तुळशीरामनं विचारलं, “ये ला पाछू म रखंव, दीदी?” मी मान हलवली. त्यानं बॅग सगळ्यात शेवटी, मागच्या कप्प्याच्या टोकाला ठेवली.

वैमानिक यशदीप तक्ता न्यायला आला. एकोणतीस वर्षांचा, भिलाईचा. त्यानं बेरीज स्वतः पुन्हा केली. तो रोज करायचा. “सब ठीक है ना, मंजिरी दीदी?” असंही तो रोज विचारायचा. मी हो म्हणाले. त्यानं सही केली आणि बाबांना आपल्या मागच्या जागेवर बसवलं, म्हणजे त्यांना पुढच्या घड्याळांचे काटे दिसतील.

विमान नऊ वीसला उडालं. मी काचेतून पाहिलं. चाकं सुटली आणि नाक वर गेलं. रोजच्यापेक्षा जास्त गेलं का, हे मला आजही सांगता येत नाही. मी डोळे मिटले होते.

साडेदहाला पोचायला हवं होतं. दहा चाळीसला लोकेशनं तिकडच्या धावपट्टीवर फोन लावला. वाजत राहिला. त्यानं पुन्हा लावला. मी पुढच्या विमानाच्या प्रवाशांची नावं तपासत होते आणि एकच नाव चौथ्यांदा वाचत होते. मग माझा फोन वाजला. यामिनी होती.

“ताई, बाबाले घ्यायले हे गेले हायेत अन् मी गच्चीवर हाय. इमानाचा आवाज आला होता.”

“मग?”

“मग बंद झाला.”

मी तिला खाली जायला सांगितलं. तिच्या हातात बाळ असेल असं मला वाटलं. मला एवढंच सुचलं.

धावपट्टीच्या अलीकडे दीड किलोमीटरवर, कापणी झालेल्या शेतात. शेतातल्या लोकांनी सांगितलं की खाली उतरता उतरता विमानाचं नाक वर झालं, ते हवेत थांबल्यासारखं वाटलं आणि मग पडलं. यशदीप, बाबा आणि बीरगांवचा ठेकेदार जागीच गेले. बाकी सहा जणांना बाहेर काढल्यावर मागच्या बाजूनं पेट घेतला.

तेराव्याच्या आत मला चौकशीला बोलावलं. दिल्लीहून आलेले अधिकारी सभ्य होते. आधी त्यांनी बाबांबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. मग तक्ता पुढे सरकवला.

“सबका वज़न हुआ था?”

“जी, सर.”

“लगेज का भी?”

“जी.”

त्यांनी खाली टिकमार्क केला. चहा आला. मी तो प्यायले.

तिथून निघाल्यावर माझी खरी भीती सुरू झाली. मी पुष्कळ वाचलेलं आहे, दुःखाबद्दलही. दुःखात माणूस रडतो, गप्प होतो, देवावर चिडतो. यातलं मला काही होत नव्हतं. मी फक्त भ्यालेली होते. फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवायचे. गोल बाजारात तांब्या घेताना भांडीवाल्यानं काटा पुढे ओढला आणि मी दुकानातून बाहेर आले. तांब्या तिथंच राहिला.

मी स्वतःला हिशेब सांगायचे. आधीचे अकरा, वरवंटा चार, लाडू एक, डबा अर्धा. साडेसोळा. मर्यादेच्या वर अडीच किलो. अडीच किलोनं विमान पडत नाही, असं कुणीही शहाणा माणूस सांगेल. मग मी बाबांची वही उघडायचे. तिच्यात शहाणी माणसं सांगत नव्हती, जमिनीवर उभी असलेली माणसं सांगत होती. एका डोंगरी मैदानावरच्या चार जणांच्या विमानात एक बाई आपला कुत्रा शालीखाली घेऊन बसली होती. आत बसल्यावर ती मागच्या खुर्चीवर सरकली. एका ठिकाणी टपालाची एक थैली पुढून उचलून मागे टाकली होती, पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून. त्याखाली बाबांनी स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं: वजन किती हा अर्धाच प्रश्न, कुठे हा बाकीचा. मी ती पानं दिवसाउजेडी, खिडकीत बसून वाचायचे, तरी पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं.

अपघाताच्या जागी सापडलेल्या सामानाची यादी कंपनीत आली. मी ती उभ्या उभ्या वाचली. घड्याळं, एक चष्मा, जळालेला स्टीलचा डबा, बाबांच्या पट्ट्याचं बक्कल. दगड नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की नसणारच. तो दगड तिथंच पडलेला आहे. दिल्लीच्या अधिकाऱ्याला, जशपूरच्या शिपायाला शेतातला काळा दगड हा शेतातलाच दगड दिसणार. तो विमानातून आला हे ओळखायला आमच्यातली बाई हवी. म्हणजे मला कुणी कधीच पकडणार नव्हतं. मला वाटलं होतं, हे कळल्यावर भीती जाईल. ती त्या दिवसापासून दुप्पट झाली. आता ती घालवायला बाहेरून कुणी येणार नव्हतं.

आई रोज विचारायची, “बॅग भेटली का?”

“नाही.”

एकदा ती म्हणाली, “कपडे जळाले असतील. वरवंटा तं जळत नाही.” मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. तिच्या मनात वजनाचा विचार आलेला नव्हता. तो यायला एक वाक्य पुरलं असतं. चाळीस वर्षं ती पार्सल ऑफिसातल्या माणसाची बायको होती.

मग पेपरात पहिला अहवाल आला. वैमानिकानं उतरताना वेग पडू दिला, नाक वर गेलं, अनुभव कमी होता. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी भेटायला येणारी माणसं तेच बोलू लागली. काल-परवाचा पोट्टा, त्याच्या हाती आठ जीव. आईही म्हणाली, “नवाच होता म्हणे तो.” मी शेजारी बसून ऐकलं. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा मी मान हलवली.

त्रेचाळिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला, दारात एक मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची, अंगावर साधा पंजाबी ड्रेस, चपला तिनं जिन्यातच काढल्या होत्या.

“मैं रीना,” ती म्हणाली. “यशदीप की वाइफ.”

आईनं तिला खुर्ची दिली, ती खाली सतरंजीच्या कडेला बसली. ती भिलाईच्या मराठी घरातली होती. आमचं सगळं कळत होतं, बोलत मात्र हिंदीतच होती. मी पाणी आणलं. तिनं ग्लास घेतला आणि बाजूला ठेवला.

“पहले बीरगांव गई थी,” ती म्हणाली. “ठेकेदार साहब के यहां. उन्होंने दरवाज़ा नहीं खोला. ठीक ही है.” मग तिनं आईकडे पाहून हात जोडले. “मैं माफ़ी मांगने आई हूं, आंटी. यश की तरफ से.”

आई गोंधळली. “अवं, तू काहून माफी मांगते, पोरी?”

“वो लापरवाह नहीं थे. घर से निकलते तो गैस तीन बार देखते थे, मैं चिढ़ाती थी. हर टोटल दो बार करते थे, बाज़ार का भी.” ती थांबली. “पर गलती हुई होगी. रिपोर्ट में लिखा है तो हुई ही होगी. पापाजी ने उनकी फोटो उतार दी है. बोलते हैं, जब तक सबसे माफ़ी नहीं मांग लेते, नहीं लगेगी.”

आईनं पुढे वाकून तिचे जोडलेले हात धरले. आईच्या मनात त्या मुलीबद्दल मायाच होती. ती म्हणाली, “जाऊ दे, बाई. लेकरू नवं होतं. कळलं नसंल त्याले.”

आणि रीनानं मान हलवली. तिला ते पटलं होतं. बेरीज दोनदा करणाऱ्या आपल्या नवऱ्याला काही कळलं नाही, हे आमच्या घरात, माझ्यासमोर, तिनं मान्य केलं. तिनं डोळे पुसले आणि ती उठायला लागली. वाचलेल्यांपैकी रायपुरातली दोन घरं अजून राहिली होती म्हणे.

ती दारापर्यंत जाईल, जिना उतरेल, चपला घालेल. मला फक्त गप्प बसायचं होतं. आई माझ्या उजव्या हाताला होती, तिचा नुकता बरा झालेला पाय समोर पसरलेला. बोलले तर तिला सगळं कळणार होतं: दगड, लाडू, टॉवेल, आणि बाबांनी आयुष्यात एकदाच सांगितलेला खोटा आकडा. ते मी परत घेऊ शकणार नव्हते. रीना उभी राहिली, तिनं ओढणी सावरली, आणि मला दिसलं की ती आईच्या पाया पडणार आहे.

“थांब,” मी म्हणाले. “पाया नोको पडू. खाली बस. आई, तूही ऐक.”

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. माझा आवाज इतका बारीक येत होता की मी पुन्हा सुरुवात केली.

“बाबांची बॅग मी काट्यावर ठेवली नाही, रीना. ती अकरा किलो नव्हती. बाबांनी उचलली तवाच त्याइले समजलं, अन् मले आधीपासूनच माहीत होतं. साडेसोळा असंल, जास्तही असंल. ती पार शेपटीत ठेवली होती. यशदीपनं मले इचारलं, सब ठीक है ना, अन् मी हो म्हटलं. त्यानं बेरीज केली ती मी लिहून देल्या आकड्यांची केली. साहेबांनी इचारलं तवाही मी खोटं बोलली. इमान त्याच्यानंच पडलं का, ते मले नाही माहीत. पण त्याले मागचं वजन कोनी सांगतलंच नव्हतं, मी नाही सांगतलं. उद्या सकाळी मी हे साहेबाले लिहून देनार हाय. पयले तुले सांगून राहिली.”